चित्रकर्तीचा वारसा : अंबिका धुरंधर आणि त्यांच्या समकालीन स्त्री-चित्रकार

बारामतीचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मोरोपंतांमुळे आणि इंदापूरचे नाव मराठ्यांच्या राजकीय इतिहासात मालोजीराजे भोसले यांच्यामुळे कायमचे नोंदले गेले आहे. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) आयुष्य बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस गेले; त्यांची आर्या-रचना आधी पोथ्यांतून आणि पुढे एकोणिसाव्या शतकात मुद्रणालयांतून जतन झाली. इंदापुरास मालोजीराजांच्या गढीने त्यांची स्मृती टिकविली. पोथी काय किंवा गढी काय, दोन्ही टिकाऊ वस्तू होत. आणि दोहोंवर मालकाचे नाव आहे. परंतु ज्या काळी बारामतीच्या वाड्यात कवी आर्या रचीत होता, त्याच काळी या दोन्ही तालुक्यांतील घराघरांपुढे रोज पहाटे सडा पडत होता आणि सारवलेल्या अंगणात शिरगोळ्याच्या पुडीची रांगोळी उमटत होती. चातुर्मासात गोपद्मे, दिवाळीत लक्ष्मीची पावले, नागपंचमीस पाटावर नाग, लग्नघरी भिंतीवर गेरू व चुना यांची चित्रे – ही सर्व आलेखनविद्या स्त्रियांच्या हाती होती. ती दुपारपर्यंत पुसली जाई. तिच्यावर सही नसे आणि तिची नोंद कोणी ठेवीत नसे.

या दोन गोष्टींतील अंतर हाच स्त्री-चित्रकारांच्या इतिहासाचा मूळ प्रश्न आहे. महाराष्ट्रात स्त्रियांच्या हाती रेषा नव्हती, असे म्हणता येणार नाही. नव्हते ते तीन घटक : रेषेखाली लिहावयाचे नाव, रेषा टिकवून धरणारे साधन, आणि कर्त्रीच्या पश्चात ती सांभाळणारा हात. पहिले दोन घटक विसाव्या शतकात मुंबईच्या कलाशाळेने काही मोजक्या स्त्रियांना मिळवून दिले. तिसरा मात्र शाळेने देण्याजोगा नव्हता. अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कारण ज्या हाताने आपली चित्रे काढली, त्याच हाताने त्यांनी आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्याच्या वारशाची राखण केली.

१

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली या शाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली आणि चित्रकारास प्रदर्शन, पदक व ग्राहक ही तिन्ही एका ठिकाणी मिळू लागली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे १८९० साली या शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८९५ साली त्यांच्या चित्रास सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले आणि अखेरीस काही काळ शाळेचे संचालकपद सांभाळणारे पहिले भारतीय ठरले. १८९० ते १९३१ या आपल्या शाळेतील काळाचा वृत्तान्त त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या पुस्तकात दिला असून ते १९४० साली प्रसिद्ध झाले.

धुरंधरांच्या कर्तृत्वाचा एक मोठा भाग स्त्रियांच्या चित्रणाचा आहे. ओट्टो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या १९२० सालच्या इंग्रजी ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली. त्याआधी १९१४ साली सी. ए. किंकेड यांनी आदितवार, सोमवार इत्यादी वारांच्या मराठी कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्या पुस्तकालाही धुरंधरांचीच चित्रे होती. या कहाण्या व्रतस्थ स्त्रिया परस्परांस सांगत आणि त्यांच्याच जोडीने पाटापुढे रांगोळी काढीत. म्हणजे स्त्रियांच्या तोंडची कहाणी ग्रंथरूप पावली तेव्हा तिचे शब्द एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर गेले आणि तिचे चित्र एका पुरुष चित्रकाराच्या नावावर. यात दोघांचाही दोष नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जाण्याचा मार्गच त्या वेळी फार थोड्या स्त्रियांस खुला होता. हा मार्ग खुला होण्याचा एक प्रसंग धुरंधरांच्याच घरी यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अंबिका ही धुरंधरांची कन्या. तिचे बालपण रंग, कागद आणि आदर्शपट यांच्या सान्निध्यात गेले. वडिलांकडे हात तयार झाल्यावर तिने जे. जे. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले आणि १९३१ साली शासकीय कलापदविका संपादन केली. ही पदविका मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्या वेळी शाळेची धुरा ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे होती. जिवंत व्यक्ती समोर बसवून रेखाटन करण्याचा वर्ग आणि भित्तिचित्रांचे शिक्षण यांवर त्यांचा विशेष भर होता. स्त्रीच्या दृष्टीने या पदविकेचा अर्थ केवळ प्रशस्तिपत्र एवढाच नव्हता. घरी शिकलेली कला ही ‘हौस’ म्हणून गणली जाते. परीक्षा देऊन मिळविलेली कला हा व्यवसाय ठरतो. रांगोळीच्या रेषेस जे कधी लाभले नव्हते ते नाव या पदविकेने चित्राखाली लिहिण्याचा अधिकार दिला.

२

पित्याच्या चित्रशाळेतून कन्येने कलेत प्रवेश करणे ही घटना एकट्या धुरंधरांच्या घरची नव्हे. गोव्यातील सांगे येथे जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हेही जे. जे. शाळेचे नामांकित शिक्षक होते आणि त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) हिनेही त्याच शाळेत शिक्षण घेतले. वडिलांची वास्तववादी शैली आत्मसात केल्यावर अँजेला यांनी ख्रिस्ती धार्मिक विषयांस भारतीय रूप देण्याचे कार्य हाती घेतले. त्यांच्या चित्रांतील मरियम साडी नेसते. १९५५ साली रोमच्या पोपकडून त्यांना सन्मानपदक मिळाले. उत्तरायुष्यात त्या परदेशी गेल्या आणि त्रिकोणी आकारांवर आधारलेली एक स्वतंत्र अमूर्त शैली त्यांनी सिद्ध केली. या पितापुत्रींची चित्रे कुटुंबियांनी पणजी येथील फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या स्वाधीन केल्यामुळे आज ती एकत्र पाहता येतात.

युरोपच्या कलेतिहासातही हेच दिसते. जेथे कलाशाळांचे दरवाजे स्त्रियांस बंद होते, तेथे बहुतेक स्त्री-चित्रकार चित्रकारांच्या घरांतूनच पुढे आल्या. पित्याची चित्रशाळा ही त्यांची पाठशाळा होती. परंतु या प्रवेशद्वाराची किंमत द्यावी लागे. अशा कन्येची ओळख ‘अमक्याची मुलगी’ अशी होई, तिची शैली पित्याच्या शैलीची छाया मानली जाई, आणि पित्याच्या पश्चात त्याच्या चित्रांची जबाबदारी तिच्यावरच येई.

अंबिकाबाईंच्या बाबतीत तसेच घडले. १९४४ साली धुरंधर निवर्तले. त्यांच्या पाठीमागे तैलचित्रे, जलरंगातील चित्रे, असंख्य रेखाटने आणि पत्रव्यवहार एवढा मोठा संभार खार येथील घरात राहिला. मुंबईच्या दमट हवेत कागदास बुरशी लागते आणि कॅनव्हासचा रंग सुटतो. संयुक्त कुटुंबांत अशा संग्रहाची वाटणी होऊन तो दोन पिढ्यांत नाहीसा होतो. धुरंधरांचा संग्रह तसा विखुरला नाही, याचे श्रेय मुख्यतः त्यांच्या कन्येस दिले पाहिजे. साठाहून अधिक वर्षे त्यांनी तो सांभाळला. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात धुरंधरांच्या समग्र कार्याचे मोठे प्रदर्शन भरले आणि विस्मृतीत गेलेल्या या चित्रकाराचे पुनर्मूल्यमापन सुरू झाले. त्यामागे हे दीर्घ जतन उभे आहे.

त्या प्रदर्शनापूर्वी नऊ वर्षे अंबिकाबाई निवर्तल्या होत्या. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्रही त्यांच्या पश्चात २०१० साली प्रसिद्ध झाले. पित्याचे आत्मवृत्त त्याच्या हयातीत छापले गेले आणि कन्येचे तिच्या निधनानंतर. या एका तुलनेत पुष्कळ अर्थ सामावलेला आहे.

३

वारसा कसा निर्माण होतो, हे पाहण्यासाठी मेक्सिकोच्या फ्रीडा काहलो (१९०७–१९५४) यांचे उदाहरण उपयुक्त आहे. आज त्यांचे नाव जगातील सर्वांत प्रसिद्ध स्त्री-चित्रकारांत घेतले जाते. परंतु ही कीर्ती त्यांच्या हयातीतील नव्हे. बालपणी पोलिओने त्यांचा एक पाय दुर्बल झाला. १९२५ साली बसच्या भीषण अपघातात पाठीचा कणा व कटिभाग मोडला. अंथरुणास खिळलेल्या अवस्थेत त्यांनी चित्रे काढण्यास प्रारंभ केला. १९२९ साली त्यांचा विवाह विख्यात भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्याशी झाला, आणि १९३३ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या एका वृत्तपत्राने त्यांचे वर्णन थोर चित्रकाराची हौसेने चित्रे काढणारी पत्नी असे केले. मायदेशी त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९५३ साली, म्हणजे मृत्यूच्या अवघे वर्षभर आधी, भरले.

काहलो यांच्या चित्रांचे मूळ मेक्सिकोच्या लोककलेत आहे. नवस फेडण्यासाठी देवळात वाहिलेली, पत्र्यावर रंगविलेली छोटी चित्रे त्यांनी शेकड्यांनी जमविली होती. आजारी माणूस, अपघात, वर तरंगणारा संत आणि खाली चार ओळींचा मजकूर असा त्यांचा साचा असतो. काहलो यांनी हा साचा स्वीकारला, काही चित्रांसाठी पत्राच वापरला, आणि संताच्या जागी स्वतःचे दुःख मांडले. म्हणजे अनामिक लोककलेस त्यांनी सही दिली. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे : नवसाचे चित्र पत्र्यावर असल्यामुळे ते कर्त्याचे नाव नसतानाही टिकले. रांगोळी जमिनीवर असल्यामुळे ती नावासकट नाहीशी झाली. म्हणून मेक्सिकोच्या चित्रकर्तीस लोककलेचा जो साठा समोर ठेवता आला, तसा महाराष्ट्राच्या चित्रकर्तीस ठेवता आला नाही.

मृत्यूनंतरचा वृत्तान्त तर अधिक बोधप्रद आहे. कोयोआकान येथील त्यांचे निळे घर रिव्हेरा यांनी वस्तूंसह एका न्यासाच्या स्वाधीन केले आणि १९५८ साली ते संग्रहालय म्हणून खुले झाले. त्या घरातील कपडे, पत्रे, औषधे, छायाचित्रे असा मोठा साठा बंद खोलीत पडून होता. तो २००४ साली उघडण्यात आला. दरम्यान १९८३ साली हेडन हेरेरा यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळीने त्यांना आपले मानले. घर, कागदपत्रे आणि चरित्रकार या तिन्ही गोष्टी जुळून आल्यावर कीर्ती आली. प्रतिभा हे कीर्तीचे कारण असले, तरी तिचे साधन जतन हेच आहे.

भारतात याला जवळचे उदाहरण अमृता शेरगिल (१९१३–१९४१) यांचे आहे. त्या मराठी नव्हत्या, परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. १९३६ च्या अखेरीस त्यांचे प्रदर्शन मुंबईत भरले, त्याच सुमारास त्यांनी अजिंठा व वेरूळ पाहिले, आणि १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ या त्यांच्या चित्रास सुवर्णपदक दिले. अजिंठ्याच्या दर्शनानंतरच्या त्यांच्या दक्षिणी विषयांवरील चित्रांत रंगाचे व आकृतींचे जे गांभीर्य येते, ते या प्रवासाचे फलित होय. मुंबईचे कार्ल खंडालावाला यांनी त्यांची योग्यता ओळखून १९४४ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. पती व पिता यांनी त्यांची चित्रे राष्ट्रास दिली, आणि १९५४ साली दिल्लीस राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय स्थापन झाले तेव्हा तीच त्याच्या संग्रहाचा गाभा ठरली. अंबिकाबाई व अमृता यांच्या वयात एका वर्षाचे अंतर होते. अमृता अठ्ठावीस वर्षे जगल्या. अंबिकाबाईंनी जवळजवळ सत्त्याण्णव वर्षांचे आयुष्य पाहिले. एकीच्या चित्रांची काळजी पित्याने वाहिली. दुसरीने पित्याच्या चित्रांची काळजी वाहिली.

४

येथे एक आक्षेप संभवतो. अंबिकाबाईंची उपेक्षा झाली ती त्या स्त्री असल्यामुळे नव्हे, तर त्यांची शैली जुनी असल्यामुळे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि पाश्चात्य शालेय वास्तववादावर वाढलेली संपूर्ण पिढी एकाएकी कालबाह्य ठरली. त्या लाटेत महादेव धुरंधरांसारखा मातब्बर चित्रकारही कित्येक दशके विस्मृतीत गेला. ऐतिहासिक प्रसंग, सणसमारंभ, कौटुंबिक विधी हे अंबिकाबाईंचे विषय पित्याच्याच परंपरेतील होते. शेरगिल यांनी जशी नवी वाट पाडली तशी त्यांनी पाडली, असा दावा करता येणार नाही.

परंतु आक्षेपातील सत्य मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. पित्याची शैली जुनी ठरली, तरी त्याचे पुनर्मूल्यमापन होऊ शकले. कारण त्याची चित्रे एकत्र राहिली. कन्येची शैली जुनी ठरली तेव्हा मात्र तिच्या चित्रांसाठी तसा राखणदार नव्हता. कोणत्याही कलाकृतीचा न्याय तिच्यासमोर उभे राहूनच करावा लागतो. चित्रे डोळ्यांपुढे नसताना ‘दुय्यम’ हा शेरा देणे हे मूल्यमापन नव्हे.

पुढच्या पिढीतील बी. प्रभा (१९३३–२००१) यांच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होते. त्यांचा जन्म नागपूर जिल्ह्यातील बेला या गावचा. त्यांच्यामागे चित्रकार पित्याची चित्रशाळा नव्हती. नागपूरच्या कलाशाळेतून त्या जे. जे. मध्ये आल्या आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी पदविका घेतली. त्या विद्यार्थिनी असतानाच होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांची चित्रे विकत घेतली. १९५६ साली शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी पतिपत्नींनी एकत्र प्रदर्शन भरविले. एअर इंडियाच्या पुढे विख्यात झालेल्या चित्रसंग्रहाचा आरंभही याच सुमारास प्रभा यांच्या चित्रांनी झाला. कोळिणी, शेतमजूर स्त्रिया, दुष्काळाने रापलेले चेहरे, लांब माना आणि मोजके रंग ही त्यांच्या चित्रांची ओळख होय. शेरगिल यांचा आदर्श त्यांच्यापुढे होता; परंतु शेरगिल यांनी खेड्यातील स्त्री बाहेरून येऊन पाहिली, प्रभा त्याच प्रांतातील खेड्यात जन्मल्या. त्यांच्या चित्रांचे जतन कुटुंबाऐवजी संस्थांनी केले, म्हणून ती आज पाहता येतात. एका पिढीत जतनाचा भार घराकडून संस्थेकडे गेला, आणि स्त्री-चित्रकारास ‘अमक्याची मुलगी’ या ओळखीतून सुटका मिळाली.

५

या विवेचनाचा बारामती व इंदापूर या तालुक्यांशी असलेला संबंध केवळ आरंभापुरता नाही. निरा डाव्या कालव्याच्या पाण्याने गेल्या शतकात या भागाचे अर्थकारण पालटले. ऊस आला, साखर कारखाने आले, आणि माती-दगडाच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली. शेणाने सारवलेल्या अंगणाची जागा फरशीने घेतली, भिंतीवरील गेरू-चुन्याची जागा तयार रंगांनी घेतली, आणि उंबऱ्यावर छापील रांगोळीचे कागद चिकटले. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते आणि बेलवाडीस रिंगण होते, तेव्हा मात्र वाटेवर अजूनही रांगोळ्यांचे पट उलगडतात. घरगुती रेषा सार्वजनिक रूपात जिवंत आहे. तिचे जुने घरगुती रूप झपाट्याने लोपत आहे.

पुणे जिल्ह्यातील स्त्रियांच्या दुसऱ्या एका अनामिक कलेच्या बाबतीत हा धोका वेळीच ओळखला गेला. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन झाले, त्यात लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आणि प्रत्येक ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गावही लिहिले गेले. त्यामुळे ‘लोकगीत’ या सामुदायिक शब्दाआड दडलेल्या स्त्रिया कवयित्री म्हणून पुढे आल्या. दळण गिरणीत गेल्यावर ओवी थांबली, पण नाहीशी झाली नाही. रांगोळी, भित्तिचित्र, गोधडीवरील आकृती, गोंदण यांची अशीच नोंद – कर्त्रीचे नाव, गाव, प्रसंग, साधन व रेखाटन यांसह – तालुकावार होणे अवश्य आहे. हे काम कलासमीक्षकाइतकेच इतिहाससंशोधकाचे आहे; कारण ज्या वयोवृद्ध स्त्रियांच्या हाती या रेषा आहेत, त्यांच्याबरोबर हे साधनच संपणार आहे.

अंबिका धुरंधर यांच्या जीवनाकडे केवळ त्यागाची कथा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. पदविका घेऊन त्यांनी स्त्रीच्या रेषेस नाव मिळवून दिले. पित्याचा संग्रह सांभाळून त्यांनी जतन हे स्वतंत्र कर्तृत्व आहे, हे सिद्ध केले. महाराष्ट्राच्या कलेतिहासात या दुसऱ्या कर्तृत्वासाठी अद्याप वेगळे प्रकरण नाही. ते लिहिताना पित्याच्या चित्रसंग्रहाच्या सूचीबरोबर कन्येच्या चित्रांचीही सूची करावी लागेल, आणि ती कोठे, कोणाकडे व कोणत्या स्थितीत आहेत याचा शोध घ्यावा लागेल. जिने साठ वर्षे दुसऱ्याची चित्रे राखली, तिच्या चित्रांसाठी एवढे करणे हे तिच्यावर उपकार नसून इतिहासलेखनाचे थकलेले देणे आहे.